इतिहासात बी.ए. करायचंय: पुणे की दिल्ली?

प्रश्न: ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली. बारावी कला शाखा, मराठी माध्यम, राज्य मंडळ, 84 टक्के. सीयूईटीही (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) दिली आहे, गुण बरे आले आहेत. मला इतिहासातच बी.ए. करायचंय. शिवकाळ आणि पेशवाईबद्दल मिळेल ते वाचते, पुढे संशोधन करावंसं वाटतं. पुण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयाच्या यादीत नाव लागलंय आणि दिल्ली विद्यापीठातही जागा मिळेलसं दिसतंय. मावसभाऊ म्हणतो, यूपीएससी करायची तर आत्ताच दिल्ली गाठ. आई म्हणते, पुण्यात आत्या आहे. बाबा 'तुझं तू ठरव' एवढंच म्हणतात आणि गप्प होतात. आमची द्राक्षबाग आहे, यंदा हाती फारसं लागलं नाही. रात्र रात्र झोप येत नाही. काय करू?

उत्तर: माझं मत आधीच सांगते. तुझ्या पत्रावरून मला बी.ए. पुण्यात आणि एम.ए. दिल्लीत हा क्रम जास्त बरा वाटतो. एका परिस्थितीत मात्र मी तुला आत्ताच दिल्लीला जा म्हणेन. ती कोणती ते पुढे सांगते.

सगळ्यात आधी भाषेचा विचार कर. दिल्ली विद्यापीठात इतिहासाचा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. हिंदीत लिहायचं ठरवलंस तरी वाचायला सांगितलेले लेख आणि प्रकरणं बहुतेक इंग्रजीतच असतात, तीही पहिल्या सत्रापासून. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलींना हे जमतं, पण पहिले सहा-आठ महिने फार दमछाक होते, आणि त्याच काळात घराची आठवण, मेसचं जेवण, नवं शहर हे सगळंही सोबत असतं. तुझी तयारी किती आहे ते घरबसल्या तपासता येईल. एनसीईआरटीचं बारावीचं इतिहासाचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातलं एक प्रकरण एका बैठकीत वाच, पुस्तक मिट आणि 40 मिनिटांत स्वतःच्या इंग्रजीत एक पान लिही. वाक्यं साधी असली, चार चुका झाल्या तरी चालेल. मुद्दा कागदावर उतरतोय का ते बघ. असं तीन प्रकरणांचं कर. तिन्ही वेळा पान भरलं तर भाषेची काळजी सोड. अर्ध्यात अडकलीस, तर पुण्यातली तीन वर्षं इंग्रजी वाचन पक्कं करायला वापरता येतील.

पुण्यातही मराठीतून शिकता येईल हे गृहीत धरू नकोस. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. काही ठिकाणी वर्ग इंग्रजीत चालतात आणि पेपर मराठीत लिहायची मुभा असते, काही ठिकाणी तीही नसते. प्रवेशाच्या आधी कार्यालयात नाही, थेट इतिहास विभागात जाऊन विचार.

आता तुझ्या आवडीकडे येते. दिल्लीचा इतिहासाचा बी.ए. ऑनर्स अभ्यासक्रम भक्कम आहे. प्राचीन काळापासून भारताचा इतिहास सत्रामागून सत्र येतो, सोबत प्राचीन जग आणि आधुनिक पश्चिमेचा उदय. मराठेशाही त्यात थोडी येते, आणि एका देशव्यापी अभ्यासक्रमात ती तेवढीच येणार. पण तुला मराठ्यांच्या इतिहासावर संशोधन करायचं असेल, तर कच्चा माल पुण्यात आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 साली काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. भांडारकर संस्था आणि पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज, हे सगळं एका शहरात आहे.

हे कागद वाचायला मोडी ही जुनी मराठी लिपी लागते, आणि मोडी पुस्तकावरून नुसती पाठ करून येत नाही. लेखनिक आधी कागदभर आडवी शिरोरेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत, शक्यतो बोरू न उचलता लिहीत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठे संपला हे अर्थावरून ओळखायचं. तारीख 'छ' अक्षराने सुरू होते, म्हणजे चंद्र, आणि पुढे हिजरी महिना येतो, जिल्काद, मोहरम असा. ती कालगणना वेगळी शिकावी लागते. मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात, पण वेगवेगळ्या हातांचं मोडी सलग वाचायला एक-दोन वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा बसावं लागतं. तो वेळ बी.ए.च्या वयात निघतो, नंतर निघणं अवघड असतं. संशोधनाची तुझी इच्छा खरी असेल, तर माझ्या लेखी पुण्याच्या बाजूचं हे सगळ्यात वजनदार कारण आहे. शिवकाळात खोल जायचं म्हटलं की फारसीही लागते. ती शिकायला आणि राष्ट्रीय अभिलेखागार, तीन मूर्तीचं ग्रंथालय वापरायला दिल्ली उत्तम, पण ते एम.ए.च्या टप्प्यावर जास्त उपयोगी पडेल. दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयूचं एम.ए. सीयूईटी-पीजीतून आहे, तिथे तुला पुन्हा संधी आहे.

विद्यापीठाच्या नावापेक्षा विभाग तपास. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हा पहिला प्रश्न. दिल्लीत त्यांना गेस्ट म्हणतात. तासिका तत्त्वावरचे शिक्षक मनापासून शिकवतात, पण पुढच्या वर्षी तेच असतील याची खात्री नसते, आणि ज्या विभागात पूर्णवेळ एकच जण आहे तिथे सहा सत्रं एकाच माणसाच्या आवडीच्या विषयाभोवती फिरतात. दुसरं विचार की गेल्या वर्षी टी.वाय.ला इतिहास मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेणारे किती होते. ही चौकशी फार कमी जण करतात. एफ.वाय.ला वर्ग भरलेला असतो, मग मुलं दुसरे विषय धरतात आणि शेवटच्या वर्षी संख्या पुरत नाही म्हणून इतिहास मेजर उघडतच नाही. मग नावडता विषय घ्यायचा, नाहीतर महाविद्यालय बदलायचं. टी.वाय.च्या मुलींना गाठ आणि चालू सत्राचं वेळापत्रक दाखवायला सांग. त्यात इतिहासाचे तास आठवड्याला किती आणि प्रत्यक्षात होतात किती, हे त्या पाच मिनिटांत सांगतील.

चौथ्या वर्षाचंही आत्ताच विचारून ठेव. नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. चार वर्षांनंतरचं एम.ए. एका वर्षाचं. चौथं वर्ष, विशेषतः संशोधनासहचं, सगळी महाविद्यालयं चालवत नाहीत. तुला एम.ए. दिल्लीला करायचं असेल तर तीन अधिक दोन हा सरळ रस्ता आहे.

आता दिल्लीचं तंत्र, कारण तिथे चांगले गुण असूनही मुली फसतात. तिथला प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो. बारावीचे टक्के पात्रतेपुरते, आणि दोघींचे गुण सारखे आले तर बरोबरी फोडायला. अभ्यासक्रम आणि महाविद्यालय अशा जोड्यांचा पसंतीक्रम भरायचा असतो. वाटप वरून खाली होतं, म्हणून 'इथे मिळण्याची शक्यता जास्त' असा हिशेब करून कमी आवडीचं महाविद्यालय वर टाकू नकोस. क्रम निव्वळ आवडीचा ठेव. मागच्या वर्षी कोणत्या फेरीत किती गुणांवर जागा गेली ते विद्यापीठ जाहीर करतं, त्यावरून यादी किती लांब ठेवायची ते ठरव. जागा मिळाली की मुदतीत स्वीकारावीच लागते, नाही स्वीकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. स्वीकारून 'अपग्रेड' निवडलंस आणि वरची जागा लागली, तर आधीची आपोआप जाते, परत मिळत नाही. म्हणून यादीत वर असं एकही नाव नको, जिथे प्रत्यक्षात तू जाणार नाहीस.

तर मी दिल्ली कधी म्हणेन? मिरांडा हाउस, लेडी श्रीराम, हिंदू यांच्यासारखं, विभाग भक्कम असलेलं आणि मुलींचं वसतिगृह असलेलं महाविद्यालय लागलं, आणि वरची इंग्रजीची परीक्षा तू पार केलीस, तर जा. त्या वर्गात देशभरातल्या मुलींबरोबर वाद घालत शिकण्याचं मोल मोठं आहे, मोडी सुट्टीत शिकता येईल. वसतिगृहाचा अर्ज मात्र वेगळा असतो, प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. ती तारीख चुकवू नकोस. शहराच्या टोकाला असलेलं, वसतिगृह नसलेलं महाविद्यालय मिळालं आणि केवळ दिल्ली विद्यापीठाचं नाव म्हणून जायचं असेल, तर माझं उत्तर नाही असं आहे.

पुण्याचे प्रवेश आधी होतात, दिल्लीच्या याद्या मागून लागतात. म्हणून पुण्याची जागा आत्ता घे. शुल्क बुडेल अशी भीती बाळगू नकोस. प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत करण्याचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम आहेत. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त 1,000 रुपये कपात, असं होतं. यंदाची तारीख यूजीसीच्या संकेतस्थळावर बघ. शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयात जमा करण्याआधी त्याचा रंगीत स्कॅन आणि चार-पाच साक्षांकित प्रती ठेव. रद्द करताना मूळ दाखला लेखी अर्जाने परत मागायचा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. दिल्लीसाठी मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) लागलं तर ते तुमच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडून मिळेल.

तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस, म्हणून हेही सांगते. दिल्लीत केंद्राची यादी चालते. विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) असे राज्याचे प्रवर्ग तिथे नाहीत. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपल्या जातीचं नाव त्या यादीत स्वतः शोध. नॉन-क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यात आणि या वर्षीच्या 31 मार्चनंतरचं हवं. राज्याच्या एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी. बाग सामाईक असेल तर सातबारा आधी बघून घ्या. राज्याच्या नमुन्यातला दाखला नेल्यामुळे ऐन वेळी जागा गेलेल्या मुली दरवर्षी असतात.

मावसभावाला सांग, यूपीएससीला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे बी.ए. होईपर्यंत तू बसूच शकत नाहीस. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, इतिहास हा वैकल्पिक विषय आहेच, मराठी साहित्यही आहे. त्यासाठी अठराव्या वर्षी दिल्ली गाठायची गरज नाही. रोज एक वर्तमानपत्र आणि इतिहासाचा नीट अभ्यास, एवढं पुरे.

राहिले बाबा. त्यांच्या गप्प बसण्यात मला विरोध दिसत नाही, पैशाची काळजी दिसते. ती ते तुझ्यापुढे बोलून दाखवणार नाहीत, म्हणून तूच एक कागद घेऊन बस. तीन वर्षांचा खर्च दोन रकान्यांत मांड: शुल्क, खोली किंवा वसतिगृह, मेस, खोलीचं डिपॉझिट, वर्षाला दोनदा घरी येणं, पुस्तकं, आजारपणासाठी थोडी शिल्लक. दिल्लीच्या रकान्यात थंडीची रजई आणि स्वेटरही धर. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते, तिचं भाडं लिही. दोन्हीकडे शुल्कापेक्षा राहण्याजेवणाचाच आकडा मोठा येईल. पुण्याच्या रकान्यात आत्याचं घर गृहीत धरू नकोस. आधी आत्याशी तू स्वतः बोल, तीन वर्षं की पहिले सहा महिने ते स्पष्ट ठरव, आणि महिन्याला काय द्यायचं तेही. पुण्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणती शिष्यवृत्ती आणि वसतिगृह भत्ता लागू होतो ते बघ. अर्ज उघडला की पहिल्याच आठवड्यात भर, आधारशी जोडलेलं बँक खाते तुझ्या नावावर हवं.

मग तो कागद बाबांसमोर ठेव आणि 'कुठे जाऊ' असं न विचारता 'यातलं दर महिन्याला किती झेपेल' असं विचार. आकड्यावर ते बोलतील.