गुळव्याचे हात

बाळा,

रंकाळ्यावरचा तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. चाळीस सेकंदांत सत्तावीस तुकडे, मोजले मी. संध्यामठ, पाणी, घोडा, सूर्य, पुन्हा संध्यामठ. डोळा टेकायच्या आत पुढचं चित्र. पण मध्येच भेळवाल्याची बोटं कागदाचा पुडा वळताना दिसली, फार तर अर्धा सेकंद. तेवढ्यासाठी मी पुन्हा पुन्हा मागं गेलो. माणसाच्या हातातलं काम तुला दिसतं, हे तिथं कळलं. तिथं थांबायला हवं होतंस.

आता रंकाळा राहू दे. गुऱ्हाळं सुरू झालीत. करवीर-पन्हाळ्याकडं कुणाच्या तरी ओळखीनं एखाद्या गुऱ्हाळावर जा. पहिल्या दिवशी फोन खिशात ठेव आणि एक अख्खं आधण, म्हणजे एका काहिलीभर रसाचा गूळ होईपर्यंतचं सगळं, नुसतं बघ. काहिलीतला, म्हणजे त्या मोठ्या पसरट कढईतला, रस तापला की मळी वर येते, भेंडीचं पाणी घातलं की ती गोळा होते आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, ती काढत राहतो. पुढं रस आटतो, तसा बुडबुड्यांचा आकार बदलतो, आवाजही जड होतो. मग गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते बघतो. अख्खं आधण त्या दोन बोटांवर असतं. हे एकदा नीट बघितलंस, तर दुसऱ्या आधणाला गोळी कधी येणार ते तुला आधीच कळेल. नाहीतर तो क्षण येईल तेव्हा तू धुराच्या बाजूला डोळे चोळत उभा असशील.

घरी आलास की कागदावर सहा चौकटी काढ: चुलवाण (काहिलीखालची भट्टी), काहील, मळी, चेहरा, बोटं, वाफ्यात (गूळ गार करायच्या हौद्यात) पडणारा पाक. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. आपल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. तेही पात्रं, पेहराव आधी कागदावर रेखाटून घेत. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ तू रोज बघतोस, म्हणून आठवण केली.

मग फोन काढ. वाफेनं लेन्स सारखी धुरकट होते, सुती फडकं जवळ असू दे. काहिलीवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक कर, नाहीतर वाफ हलेल तसं चित्र काळं-पांढरं होत राहतं. रात्री दिव्याखाली पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतील. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या कॅमेऱ्यात सगळं हातानं ठरवता येतं त्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेव, पट्टे जातील. आणि प्रत्येक चौकट मनात दहा आकडे मोजेपर्यंत हलवू नकोस. झूम करायचा मोह झाला तर दोन पावलं पुढं जा, पण काहिलीच्या काठापासून जपून. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो.

आवाजाचं मात्र मनावर घे. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्या गुळव्याशी तासभर बोललो. ऊस गाळायच्या चरकाशेजारी उभं राहून, कॅमेऱ्याच्याच माईकवर. घरी येऊन ऐकलं तर नुसती इंजिनाची धडधड. परत जाऊ, परत जाऊ म्हणत राहिलो आणि पुढच्या हंगामाआधी ते गेले. कॅसेट अजून कपाटात आहे. त्यांचे हात दिसतात, ओठ हलतात, शब्द एकही नाही. म्हणून बोलणं चरक बंद असताना घे, माणसाच्या अगदी जवळ माईक ठेवून. चरकाचा, जाळाचा, पाक उकळण्याचा आवाज वेगळा अर्धा-अर्धा मिनिट भरून आण.

एडिटिंगला फार वेळ घालवू नकोस. गाणं लावायच्या आधी एकदा नुसत्या त्या आवाजांवर चित्रं जोडून बघ. झालं की कुठंही टाकायच्या आधी गुऱ्हाळावर जाऊन त्यांना दाखव. एखादी गोष्ट काढ म्हणाले, तर काढायची.

माझा कॉलर माईक रविवारी घेऊन जा. नवा सेल घालून ठेवतो.