पुस्तकं लॅपटॉपवर आहेत हो, पण नक्की कुठं?

ई-बुकांच्या फाइली जपून ठेवा असं मागच्या वेळी जाता जाता लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले, आणि गंमत म्हणजे निम्म्या लोकांचा प्रश्न जपण्याचा नाहीच, सापडण्याचा आहे. म्हणून तिथूनच सुरू करतो.

प्रश्न : दहा वर्षांत जमेल तशी पुस्तकं डाउनलोड केली, काही पीडीएफ, काही ईपब, काही मित्रांनी व्हॉट्सॲपवर धाडलेली. आता लॅपटॉप बदलायचाय आणि काही म्हणजे काही सापडत नाही. एकेक फोल्डर उघडून बघू का? (इंदिरानगर)

नका हो, एकेक फोल्डर उघडत बसलात तर सिंहस्थ आटपून जाईल. फाइल नावानं शोधूच नका, कारण नाव कुणी धड दिलेलं नसतं, अर्ध्या पुस्तकांची नावं स्कॅन एक, स्कॅन दोन अशी असतात. फाइल शेपटीनं शोधायची. शेपटी म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येतं ते, ईपब, मोबी, एझेडडब्ल्यू-थ्री, पीडीएफ वगैरे. विंडोज ही शेपटी मुळात लपवून ठेवतं, त्यामुळं आधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, मग डावीकडं 'धिस पीसी'वर क्लिक करून वरच्या सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत स्टार, टिंब आणि ईपब असं लागोपाठ टाइप करा. चहा ठेवून या, कारण विंडोजचा सर्च डी ड्राइव्हवर रांगत जातो. रोजचंच काम असेल तर एव्हरीथिंग नावाचा फुकट प्रोग्राम आहे, एवढासा, तो हार्ड डिस्कच्या फाइलींची यादीच वाचतो, त्यामुळं तुम्ही टाइप करताय तोवर उत्तर समोर.

ईपब पटकन सापडतील. खरी डोकेदुखी पीडीएफची, कारण लाइट बिल पीडीएफ, आधार पीडीएफ, पोराच्या शाळेची नोटीस पीडीएफ. तिथं साइजप्रमाणं लावा. बिलं सगळी काही केबीतली, ती खाली जातात, स्कॅन केलेलं पुस्तक तीस-चाळीस एमबीच्या पुढं असतं, ते वर येतं. माझ्याकडं असं लावल्यावर एकच पुस्तक चार वेळा सापडलं होतं, चारही वेळा वेगळ्या नावानं, आणि वाचलेलं एकदाही नाही.

टेलिग्रामवरून घेतलेलं असेल तर डाउनलोड्समध्येच टेलिग्राम डेस्कटॉप नावाचं वेगळं फोल्डर असतं, ते लोक विसरतात. व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप फाइली फार खोल, लपवलेल्या फोल्डरात ठेवतं, तिथं उकरत बसू नका, चॅट उघडून फाइल सरळ सेव्ह ॲज करा.

अजून एक. पुष्कळ लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स हे फोल्डर तुमच्या नकळत वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटात, गेलेलं असतं. फाइलीच्या बाजूला ढगाचं चित्र दिसलं तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. तिच्यावर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, खाली उतरू द्या, मगच कॉपी. आणि सापडलेलं सगळं एका फोल्डरात घेताना कॉपी करा, कट नको.

प्रश्न : किंडलच्या ॲपमधली दीडशे पुस्तकं पेन ड्राइव्हवर घेतली, मोठ्या हौसेनं मुलीच्या लॅपटॉपवर टाकली, एकही उघडत नाही. पैसे देऊन घेतलेली आहेत सगळी! (कॉलेज रोड)

पैसे दिलेत हे खरं, पण कुलूप त्यांचं आहे. ॲपच्या ऑप्शन्समध्ये कंटेंट म्हणून भाग आहे, तिथं फाइली कुठं ठेवल्यात ते दिसतं, बहुतेकांच्या डॉक्युमेंट्समध्ये माय किंडल कंटेंट नावानं असतात. ते फोल्डर कॉपी होतं, काहीच अडवत नाही, म्हणून माणसाला वाटतं झाला बॅकअप. पण त्या फाइली तुमच्या खात्याला आणि त्या एका यंत्राला बांधलेल्या असतात, दुसरीकडं नेल्या की नुसता दगड. पूर्वी ॲमेझॉनच्या साइटवरून पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं किंडलमध्ये टाकायची सोय होती, तीही त्यांनी २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. मुलीला वाचायची असतील तर तिच्या लॅपटॉपवर ॲप टाकून तुमच्या खात्यानं लॉगिन करा, पुस्तकं आपोआप उतरतील. थोडक्यात या दीडशेचा बॅकअप म्हणजे तुमचा ईमेल आणि पासवर्ड, ते जपा, आणि पुस्तकांच्या नावांची एक यादी स्वतःकडं ठेवा.

हां, पण एक गोष्ट पूर्णपणे तुमची आहे आणि तिचा बॅकअप कुणीच घेत नाही. किंडलचं यंत्र असेल तर ते केबलनं जोडा, आतल्या डॉक्युमेंट्स फोल्डरात माय क्लिपिंग्ज नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. तुम्ही यंत्रावर खूण केलेली वाक्यं, लिहिलेल्या नोंदी, तारीख-वेळेसकट, सगळं त्यात. माझी उघडली तर रात्री दोन वाजता खूण केलेलं एक वाक्य निघालं, का केली होती ते आज अजिबात आठवत नाही. ती फाइल आधी उचला.

असाच फसवा प्रकार म्हणजे एसीएसएम फाइल. गूगल प्ले बुक्समधून एखादं पुस्तक एक्स्पोर्ट केलं की कधी सरळ ईपब मिळतं, कधी ही मिळते. दोन-चार केबीची असते. ते पुस्तक नाही, पुस्तकाचं टोकन आहे, ॲडोबी डिजिटल एडिशन्स नावाच्या प्रोग्राममध्ये ते दाखवल्यावर पुस्तक येतं. टोकनं जपून ठेवलेले दोघं मला माहितीयेत, पुस्तक एकाकडंही नाही.

प्रश्न : ई-बुकं लावून ठेवायला कॅलिबर हा प्रोग्राम वापरतो. त्यात पुस्तकं टाकल्यावर जुनं फोल्डर डिलीट केलं तर चालेल का? आणि लायब्ररी गूगल ड्राइव्हच्या फोल्डरातच ठेवली तर बॅकअपचं कामच संपलं ना? (सातपूर)

पहिल्याचं उत्तर हो, चालेल, कारण कॅलिबर स्वतःची वेगळी कॉपी करून घेतं. त्याच्या लायब्ररी फोल्डरात लेखकाच्या नावाचं फोल्डर, आत पुस्तकाचं, आत फाइल, मुखपृष्ठ आणि माहितीची एक ओपीएफ फाइल. मराठी नावांची तिथं फार मजा होते, माझ्याकडं लेखकांची नावं रोमनमध्ये अशी काही आलीत की स्वतः लेखक ओळखणार नाही. पण म्हणून ती फोल्डरं हातानं सरळ करायला जाऊ नका, नाव बदलायचं तर कॅलिबरच्या आतून, बाहेरून हात लावला की त्याला पुस्तक सापडत नाही. सगळा हिशेब मेटाडेटा डॉट डीबी या एका फाइलीत असतो.

आणि म्हणूनच दुसऱ्याचं उत्तर नाही. तुम्ही इकडं पुस्तक टाकताय, तिकडं ड्राइव्ह तीच डीबी फाइल वर चढवतोय, दुसऱ्या लॅपटॉपवर बायकोनं कॅलिबर उघडलंय, यात ती हिशेबाची फाइल बिघडू शकते. लायब्ररी साध्या फोल्डरात असू द्या, कॅलिबर बंद करा आणि मग अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून ड्राइव्हवर टाका. शिवाय सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नाही बरं का, इथं उडवलं की तिथंही उडतं, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतं आणि मग कायमचं जातं, आणि आपल्याला आठवण येते एकतिसाव्या दिवशी.

प्रश्न : दोन पेन ड्राइव्हवर कॉपी आहे, दोन्ही दुकानातल्याच कपाटात. बास ना? (सराफ बाजार)

सराफ बाजारातल्या माणसानं हे विचारावं! गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तुम्ही दुकानातला माल वर चढवता ना, मग पेन ड्राइव्हनं काय घोडं मारलंय. दोन्ही कॉप्या एकाच कपाटात म्हणजे पाण्याच्या, चोराच्या आणि उंदराच्या दृष्टीनं एकच कॉपी. जुना नियम आहे, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक दुसऱ्या जागी. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी नाशिक रोडला बहिणीच्या घरी ठेवा नाहीतर गूगल ड्राइव्हवर, तिथं १५ जीबी फुकट आहे, फक्त त्यात तुमचे मेल आणि फोटोही धरलेले असतात. नुसत्या मजकुराचं ईपब एमबीभराचंच असतं, मावतील. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नाही.

आणि कॉपी झाली म्हणजे झालं असं समजू नका. मी एकदा अशीच रात्री घाईत कॉपी केली, पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढला, सात महिन्यांनी उघडला तर नावं सगळी जागच्या जागी, साइजच्या रकान्यात मात्र ओळीनं शून्य केबी, शून्य केबी, शून्य केबी. तेव्हापासून कॉपी केली की पेन ड्राइव्ह इजेक्ट करून काढतो, परत लावतो आणि मधलीच चार-पाच पुस्तकं तिथूनच उघडून बघतो. पहिलं पान नाही, मधलं पान.

प्रश्न : वडिलांनी २००३ च्या सुमारास स्वतःच्या कविता एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. सीडी सापडली, पण फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. फाइल खराब झालीय का? (पंचवटी)

खराब नाही झाली, फॉन्ट हरवलाय. त्या काळात डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचे, युनिकोडमध्ये नव्हे, म्हणजे आजच्या सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत नव्हे. फाइलीत 'क' नसतोच, कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि तो ठरावीक फॉन्ट त्याच्या जागी 'क' दाखवतो. फॉन्ट गेला की उरतं ते तुम्हाला दिसतंय ते.

सगळ्यात आधी सीडी जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवा, आजच, जुन्या सीडीचा भरवसा नाही. मग त्यात शेपटीला टीटीएफ असलेली फाइल आहे का बघा, तोच फॉन्ट. नशीब असेल तर डीटीपीवाल्यानं सोबत दिलेला असतो. तो टाकला आणि वर्डची फाइल असेल तर अक्षरं लगेच दिसतील. शेपटीला पी-सिक्स्टीफाइव्ह किंवा पीएमडी असेल तर ती पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, तिला जुना पेजमेकर नाहीतर इनडिझाइनचं सीएस-सिक्स किंवा त्याआधीचं व्हर्जन लागतं, नवं इनडिझाइन ती उघडत नाही. ज्या प्रेसमध्ये अजून जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात चालू आहे तिथं विचारा, असतो एखादा, त्यावर लग्नपत्रिका चालतात.

उघडली की दोन कामं. एक, फॉन्ट आत बसवून पीडीएफ करा, म्हणजे वडिलांनी मांडली तशी पानं कायम राहतील. दोन, फॉन्ट कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये घ्या, म्हणजे तो शोधता येईल, फोनवर वाचता येईल. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडवतो, त्यामुळं पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा, कवितेत एक वेलांटी इकडची तिकडं झाली तरी वृत्त मोडतं. मूळ फाइल, तो फॉन्ट, पीडीएफ आणि युनिकोड, चारही एकाच फोल्डरात, आणि त्या फोल्डराच्या वर सांगितल्या तशा तीन कॉप्या.

प्रश्न : पुस्तकांचं फोल्डर शिफ्ट-डिलीट झालं. आता? (सिडको)

त्या लॅपटॉपवर काहीही करू नका, नवीन काही डाउनलोड नको, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच ड्राइव्हवर नको, ते पेन ड्राइव्हवरून चालवा. साधी हार्ड डिस्क असेल तर रेकुव्हासारख्या प्रोग्रामनं बरंच परत येतं. एसएसडी, म्हणजे नव्या लॅपटॉपमधली चिपवाली डिस्क, असेल तर आशा कमी, ती मोकळी झालेली जागा स्वतःच पुसत जाते. तोवर फोन, जुना मेल आणि ज्यांना ज्यांना पुस्तकं पाठवली होती ते मित्र, या तीन ठिकाणी बघून घ्या, माझी निम्मी अशीच परत आली होती.