लेऑफ झाला, आता मी फ्रेशर की एक्सपिरियन्स्ड?

"मॅडम, पहिला जॉब नशिबाने लागला, दुसरा काय लागत नाही." हे वाक्य मी आजकाल इतक्यांदा ऐकते की एकाची गोष्ट त्याला विचारूनच लिहितेय.

मुलगा कराडकडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये दोन वर्षं, मग सहा महिन्यांचा कोडिंग बूटकॅम्प, बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये तेरा महिने आणि एका शुक्रवारी एचआरची मीटिंग, लॅपटॉप जमा. घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी सॅक अडकवून अभ्यासिकेत जाऊन बसायचा आणि आईचा फोन आला की बाहेर येऊन, हो ऑफिसातच आहे, जेवलो, म्हणायचा.

मी आधी 'तुझी चूक नाही रे' वगैरे केलं, जानेवारी २०२३ मध्ये गूगलनेसुद्धा १२,००० जणांना काढणार म्हणून जाहीर केलं होतं हेपण सांगितलं. तो म्हणाला, "पण मॅडम, त्यांच्या रेझ्युमेवर गूगल आहे ना." गप्प बसले.

मग रेझ्युमे बघितला. वरती बूटकॅम्पचं सर्टिफिकेट, टू-डू ॲप, शॉपिंग साइटची नक्कल, जी त्या बॅचमधल्या प्रत्येकाकडे असणार. तेरा महिन्यांची नोकरी खाली दोन ओळींत, आणि चाकण तर गायबच! विचारलं, स्टार्टअपमध्ये काही बिघडलेलं तू निस्तरलंस का? तर म्हणे पेमेंट अडकलं की कस्टमर परत बटण दाबायचे आणि एकाच्या दोन ऑर्डरी पडायच्या, मग याने दोन दिवस लॉग (सिस्टिममधल्या नोंदी) चाळले, प्रत्येक ऑर्डरला युनिक की, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच ऑर्डरला नसलेला कोड लावला, तीच की परत आली तर डेटाबेस नवीन ऑर्डर घेणारच नाही असं केलं. बोलताना पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता. हे रेझ्युमेत का नाही? "ते तर रोजचंच काम होतं."

मधेच एक एजंट भेटला त्याला, पैसे दे, तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर देतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. पीएफचा यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा पीएफ नंबर, नोकरी बदलली तरी तोच राहतो, सर्व्हिस हिस्टरीत कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत ते दिसतं, बॅकग्राउंड चेकला पकडला गेलास तर खरे तेरा महिनेपण जातील.

त्याच आठवड्यात त्याने घरी सांगून टाकलं. आईने एवढंच विचारलं, "मग जेवत कुठं होतास?"

चाकण परत रेझ्युमेत आलं. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), चलन (मालासोबत येणारा कागद), स्टॉक जुळत नाही म्हणून होणारी बोंबाबोंब, हे सगळं त्याने स्वतः भोगलेलं, म्हणून कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या कंपन्या शोधल्या आणि पोर्टलवर ढीगभर अर्ज टाकण्यापेक्षा जुन्या टीममधल्या लोकांना मेसेज केले (याला तो महिनाभर लाजत होता). त्यातूनच भोसरीत इंटरव्ह्यू मिळाला, तिथे विचारलं की चलनावर शंभर आणि माल नव्वद आला तर सिस्टिममध्ये काय करशील, आणि हा पठ्ठ्या अर्धा तास बोलला.

एकूण पाच महिने गेले. पगार आधीपेक्षा थोडा कमीच आहे, ते त्याला अजून टोचतं, आणि मला विचाराल तर टोचायलाच हवं.