स्टर्कफाँटेनला हाडं बघायला जाऊ नका, पण जा नक्की

काकू, तुम्ही लिहिलंय की जोहान्सबर्गला लेकीकडे तीन आठवडे जाताय, नातू ११ वर्षांचा, त्याला आदिमानवाचं प्रचंड वेड, मग त्याला तिथली आदिमानवाच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेली स्टर्कफाँटेनची गुहा दाखवावी का, तुमच्या गुडघ्यांना झेपेल का आणि आत खरंच माणसाची हाडं दिसतात का. मी दोनदा जाऊन आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. सापडलेली हाडं गुहेत मांडून ठेवलेली नाहीत. मिसेस प्लेस म्हणून आदिमानवाची जी प्रसिद्ध कवटी आहे ती प्रिटोरियाच्या डिट्साँग संग्रहालयाकडे आहे आणि लिटल फूट नावाचा आदिमानवाचाच सांगाडा जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाकडे, गुहेची मालकीही त्यांचीच. मी पहिल्यांदा काहीही न वाचता गेलो होतो, तासभर अंधारात फिरून बाहेर आलो आणि मनात आलं की बघितलं काय तर ओबडधोबड दगड. दुसऱ्यांदा सगळं वाचून गेलो आणि त्याच दगडांसमोरून पाय निघेना. म्हणून माझं सांगणं एकच, जायच्या आधी नातवाला दोन गोष्टी नीट सांगा, मग गुहा त्याच्याशी आपोआप बोलेल.

पहिली गोष्ट रॉबर्ट ब्रूमची. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच टाऊंगला एका लहान मुलाची कवटी सापडली, रेमंड डार्ट या शरीररचनेच्या प्राध्यापकाने १९२५ मध्ये सांगितलं की हा माणूस आणि वानर यांच्या मधला प्राणी आहे आणि त्याला ऑस्ट्रेलोपिथेकस असं नाव दिलं, पण बऱ्याच मोठमोठ्या तज्ज्ञांनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं असं की वानराचं पिल्लूसुद्धा लहानपणी माणसासारखंच दिसतं, मोठं झालेलं दाखवा. तर मोठं झालेलं शोधायला हा ब्रूम निघाला, पेशाने डॉक्टर, वय सत्तरीच्या घरात. स्टर्कफाँटेनला तेव्हा चुन्याची खाण चालू होती, ऑगस्ट १९३६ मध्ये खाणीवरच्या देखरेख करणाऱ्याने सुरुंगातून निघालेला मेंदूच्या पोकळीचा दगडी ठसा त्याच्या हातात ठेवला, आणि प्रौढ ऑस्ट्रेलोपिथेकसचा पहिला पुरावा मिळाला. मग एप्रिल १९४७ मध्ये ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना मिसेस प्लेस मिळाली, तीसुद्धा सुरुंगाने दोन तुकडे झालेली. गुहेच्या बाहेर ब्रूमचा कवटी हातात घेतलेला पुतळा आहे, येणारे जाणारे त्याच्या नाकाला आणि हाताला हात लावतात, नातवालाही लावू द्या.

दुसरी गोष्ट लिटल फूटची आणि ही मला सगळ्यात जास्त आवडते. १९९४ मध्ये रॉन क्लार्क हा शास्त्रज्ञ गुहेतून पूर्वी काढून ठेवलेल्या प्राण्यांच्या हाडांचे डबे तपासत होता, त्यात त्याला पावलाची चार छोटी हाडं दिसली जी प्राण्याची नव्हती. १९९७ मध्ये अजून काही सापडली, त्यात नडगीच्या हाडाचा एक तुकडा होता, मोडलेला. क्लार्कने विचार केला की हा तुकडा इथे आहे तर उरलेलं हाड अजून गुहेच्या भिंतीतच असणार. त्याने त्या तुकड्याची प्रतिकृती स्टीफन मोट्सुमी आणि न्क्वाने मोलेफे या दोन सहकाऱ्यांना दिली आणि सांगितलं की याला जुळणारं टोक शोधा. आता डोळ्यासमोर आणा, सिल्बरबर्ग ग्रोटो नावाचा मोठा काळोखा भाग, हातात फक्त दिवे, चारी बाजूंनी खडक आणि खडकात दिसणारं रुपयाएवढं सुद्धा नसलेलं हाडाचं टोक, जे सुरुंगाने कित्येक दशकांपूर्वी तुटलेलं. दोन दिवसांत त्यांना ते सापडलं, आणि तुकडा बरोब्बर बसला! पुढे तो सांगाडा काँक्रीटसारख्या कठीण खडकातून सुटा करायला, साफ करायला आणि जोडायला जवळजवळ वीस वर्षं गेली, डिसेंबर २०१७ मध्ये तो लोकांसमोर आला, ९० टक्क्यांहून जास्त पूर्ण. शोधाचं श्रेय सांगताना बहुतेक ठिकाणी एकच नाव येतं, तुम्ही नातवाला मोट्सुमी आणि मोलेफे ही नावं पाठ करून घ्या, एवढी माझी विनंती.

वयाबद्दल तो नक्की विचारेल. एका पद्धतीने, म्हणजे खडकातल्या गारगोटीच्या (क्वार्ट्झच्या) कणांमधल्या ॲल्युमिनियम आणि बेरिलियमच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून), लिटल फूट साधारण ३६ लाख ७० हजार वर्षं जुना येतो. दुसऱ्या गटाने चुनखडीच्या थरांचं युरेनियम-शिसं पद्धतीने वय काढलं तर ते साधारण २२ लाख आलं. पहिला गट म्हणतो की ते थर नंतर फटींमध्ये साचलेत त्यामुळे हाडांपेक्षा तरुण आहेत. वाद मिटलेला नाही आणि मुलाला तसंच सांगावं, मला तर वाटतं आकडा पाठ करण्यापेक्षा हे भांडण कशावरून आहे ते कळणं जास्त मोलाचं.

आता आत बघायचं काय. आजूबाजूचा करडा खडक डोलोमाइट, त्यात पाण्याने पोकळ्या झाल्या, वरून छत कोसळून भोकं पडली आणि त्यातून माती, दगड, हाडं आणि कधी जिवंत प्राणीसुद्धा आत पडत राहिले, चुन्याच्या पाण्याने ते सगळं घट्ट चिकटलं. हा जो लालसर तपकिरी, खडे भरलेला भाग दिसतो त्याला ब्रेशिया म्हणतात, आणि जीवाश्म मिळतात ते त्यातच. गाइडला थांबवून विचारा की डोलोमाइट कुठे संपतो आणि ब्रेशिया कुठे सुरू होतो, ती रेघ एकदा ओळखता आली की पुढे पोरगं स्वतःच शोधत सुटेल. लोंबणारे पांढरे सुंदर झुंबर मात्र फारसे उरले नाहीत. १८९० च्या दशकापासून चुन्यासाठी ते फोडून नेले, सोन्याच्या प्रक्रियेत चुना लागायचा. वाईट वाटतं बघून, पण त्याच सुरुंगांमुळे जीवाश्मही उघडे पडले, दोन्ही खरं आहे.

आणि हो, तिथे आदिमानव "राहायचे" असं डोक्यात घेऊन जाऊ नका. लिटल फूट बहुतेक वरच्या भोकातून आत पडला. जवळच्याच स्वार्टक्रान्स या दुसऱ्या गुहेत सापडलेल्या, लहान वयाच्या एका आदिमानवाच्या कवटीवर दोन भोकं आहेत जी बिबट्याच्या सुळ्यांच्या अंतराशी जुळतात. म्हणजे त्या काळचे हे आदिमानव शिकारी कमी आणि शिकार जास्त होते, हे मला तिथे उभं राहून जेवढं समजलं तेवढं कुठल्या पुस्तकातून समजलं नव्हतं.

गुडघ्यांचं बोलायचं तर खरं सांगतो, पायऱ्या भरपूर आहेत, उतरायच्याही आणि चढायच्याही, काही जागी वाकून जवळजवळ रांगावं लागतं, हेल्मेट देतात ते उगाच नाही. बंद जागेची भीती असेल तर आत जाऊच नका. गुहा पाणी भरल्यामुळे २०२२ च्या शेवटी बंद झाली होती, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा उघडली, त्यामुळे बुकिंग करताना सध्या कुठली वाट चालू आहे आणि किती पायऱ्या आहेत हे फोनवर विचाराच. गाइडशिवाय आत सोडत नाहीत. मुलगी आणि नातू आत गेले तरी तुम्ही वर छान बसू शकता, बाहेर खोदकामाची जागा वरून दिसते. माझी आईपण वरच थांबली होती आणि खोदकामाचे थर आमच्यापेक्षा तिनेच जास्त वेळ बघितले.

शहरातून गाडीने साधारण तासभर, बस-ट्रेनच्या भरवशावर निघू नका. सकाळी गुहा करा, मग दहाएक किलोमीटरवर मारोपेंग म्हणून आदिमानवावरचं प्रदर्शन केंद्र आहे तिथे दुपार, तिथे जमिनीखाली होडीतून फेरी आहे, मुलांना आवडते आणि तुम्हालाही जमेल. उलटा क्रम करू नका, मारोपेंगच्या दिव्यांच्या झगमगाटानंतर गुहा साधी वाटते. होमो नालेडी ही आदिमानवाची वेगळी जात जिथे २०१३ मध्ये सापडली ती रायझिंग स्टार गुहाही जवळच आहे, पण तिथे सामान्य लोकांना नेत नाहीत, आतली एक फट जेमतेम १८ सेंटिमीटरची आहे, नातवाला पट्टीवर तेवढं अंतर दाखवा म्हणजे कळेल.

आणि एक, आठवण म्हणून साधा खडासुद्धा उचलू देऊ नका. तिथल्या १९९९ च्या वारसा कायद्याने परवान्याशिवाय जीवाश्म घेणं गुन्हा आहे, आणि खिशात टाकलेला खडा ब्रेशियाचा आहे की नुसता दगड हे आपल्याला ओळखता येत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी गडगडाटी पाऊस येतो म्हणून सकाळचाच स्लॉट घ्या, बूट घट्ट पकडीचे हवेत. मिसेस प्लेसची मूळ कवटी बघायची खूप इच्छा असेल तर प्रिटोरियाला संग्रहालयात आधी फोन करून ती त्या दिवशी बघायला मिळेल का ते विचारा, नुसती प्रतिकृती बघून परत आलात तर तेवढा प्रवास जड वाटेल.