वाचक विचारतात : उन्हाळ्यातली परसबाग

प्रश्न : नळाला चार दिवसांआड पाणी येते. अंगणात चार वर्षांचे लिंबू, एक जास्वंद आणि कढीपत्ता आहे. रोज संध्याकाळी प्रत्येकी एक बादली घालूनही दुपारी पाने लोंबतात. कमी पाण्यात झाडे कशी जगवावीत? (जळगाव)

उत्तर : दुपारी पाने लोंबणे म्हणजे तहानच, असे नाही. पारा ४४ अंशांवर गेला की मुळे पुरवतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जाते. झाड सकाळी सातला पाहा. पाने ताठ असतील तर बादली खाली ठेवा. खात्री करायची तर सहा इंच खोलीवरची माती काढून मुठीत दाबा. लाडू वळला तर अजून दोन दिवस थांबता येते.

पाणी वाया जाते ते दोन ठिकाणी. आळे बुंध्याला चिकटून असते, पण पाणी पिणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात. शिवाय लिंबाच्या खोडाशी सतत ओल राहिली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो. म्हणून खोडाभोवती फूटभर मातीची भर द्या आणि घेराच्या कडेखाली फूटभर रुंदीचे गोल आळे करा. दुसरी जागा भेगांची. आपली काळी माती वाळली की फाटते. ओतलेले पाणी भेगेतून सरळ खाली जाते, आणि त्याच भेगेतून आतली ओलही उडते. आधी खुरप्याने वरची दोन इंच माती भुसभुशीत करून भेगा बुजवा, मग पाणी द्या.

रोजच्या बादलीऐवजी चौथ्या दिवशी लिंबाला तीन बादल्या, बाकी दोघांना दीड-दीड. तेही एकदम ओतू नका. निम्मे ओता, पंधरा मिनिटांनी उरलेले. हे झाड जगवण्याचे गणित झाले. फळे धरायची असतील तर एवढ्यात भागणार नाही.

वर तीन इंच आच्छादन हवेच. केळीची वाळकी पाने उत्तम. गव्हाचा भुसा वाऱ्याने उडतो, तो ओला करून पसरा. पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडे) वापरायची तर न उमललेली बोंडे काढून जाळा, नाहीतर बोंडअळी घरी आणाल. आच्छादन खोडापासून चार बोटे लांब ठेवा आणि पंधरा दिवसांनी उचलून वाळवी पाहा.

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीला ठिबक जोडले. ताशी चार लिटरचे ड्रिपर आहेत, पण थेंब थेंबच पडतो, काही तर कोरडेच. (भुसावळ)

उत्तर : टाकी तीन मीटर उंच असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोच मिळतो; ड्रिपरवर लिहिलेला प्रवाह साधारण १ किलो दाबाचा असतो. त्यामुळे चारचे दोन-सव्वादोन लिटर होणारच. ड्रिपरखाली वाटी ठेवून सहा मिनिटांचे पाणी मोजा. २०० मिली भरले तर ताशी दोन लिटर, म्हणजे ठीक. ठिबक दुप्पट वेळ चालू ठेवा. दाब-नियंत्रित ड्रिपर मात्र एवढ्या दाबावर नीट चालत नाहीत, साधेच घ्या.

कोरड्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर तो बोअरच्या पाण्यातला क्षार. काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा. टाकीनंतर जाळीचा फिल्टर हवाच. दर पंधरवड्याला नळीचे शेवटचे टोक उघडून गाळ वाहू द्या.

प्रश्न : वॉशिंग मशीनचे पाणी झाडांना चालेल का? (धुळे)

उत्तर : साबणाचे पहिले पाणी नको. त्यातल्या सोडियममुळे काळी माती ओली असताना चिखलासारखी लिबलिबीत होते, वाळल्यावर दगड. शेवटच्या खळबळणीचे पाणी तगर, बोगनवेलीसारख्या शोभेच्या झाडांना द्या, एक पाळी त्याचे, एक साध्या पाण्याची. पालक, मेथी, कोथिंबिरीवर ते अजिबात नको. आरओचे टाकाऊ पाणी कुंडीत ओतू नका, थोड्या मातीत क्षार लवकर साचतात. त्याने फरशी पुसा.