इंग्लंडमध्ये छंद म्हणून मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे. ३०० पौंडांत चांगला मिळेल, की थांबून हजाराच्या वरचाच घ्यावा? आणि तो सुटीत गावी नेऊन फिरवता येईल का?

थांबू नका. तीनशेतलाच घ्या, आणि तेही सगळे तीनशे यंत्रावर घालवू नका. 'महागडा घेतला की खोलवरचं सापडतं' असं तुम्हाला ज्यांनी कुणी सांगितलंय, तसे एक आमच्या घरातही आहेत. माझे धाकटे दीर. ते मिडलंड्समध्ये राहतात, मी नॉरफोकमध्ये. हा वाद आमच्यात दर दिवाळीला फराळाबरोबर होतो. त्यामुळे तुमचा प्रश्न दिसल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

यंत्राआधी जमीन लागते. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय इथे डिटेक्टर फिरवता येत नाही हे तुम्हाला माहीत असेलच. पण परवानगी मिळवायची कशी हे कुणी नीट सांगत नाही. माझं माहेर कराडकडचं, घरचा ऊस. नॉरफोकमध्ये साखर बीटाची. इथला कँटलीचा साखर कारखाना १९१२ मध्ये सुरू झाला आणि हंगामात त्याची वाफ लांबून दिसते. आमच्या भागातला एक शेतकरी शिवाराच्या कडेला बीटाचा ढीग लावून गाडीची वाट बघत उभा होता. मी डिटेक्टरचं नावही काढलं नाही. कारखान्याकडून पाळी कधीची आहे, ढीग किती दिवस पडून राहणार, एवढंच विचारलं. आमच्याकडे तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं, उतारा घटतो, म्हणून घरात काय तळमळ असते तेही सांगितलं. त्याचंही दुखणं तेच होतं. गाडी येईपर्यंत आम्ही बोलत राहिलो आणि निघताना मी विचारलं. 'बार्ली निघाली की ये' म्हणाला. पुढे सगळं लेखी केलं: काही मौल्यवान निघालं तर निम्मं निम्मं, खड्डे बुजवायचे, फाटकं लावायची. ईमेल केलेल्या कितीतरी जणांना त्याने उत्तरही दिलेलं नाही, हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

त्याच शेतात दीर सुटीला आले, नवं यंत्र घेऊन. हजाराच्या बरंच वरचं. नाव घेत नाही, कारण यंत्र उत्तमच आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. शेताच्या एका अंगाने जुनी पायवाट चर्चकडे जाते. नॉरफोकमध्ये मध्ययुगीन चर्चं सहाशेहून जास्त आहेत, आणि अशा वाटेवर माणसं शेकडो वर्षं चाललेली असतात. यंत्र प्रत्येक सिग्नलला एक आकडा दाखवतं. भावजींनी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, वर चढवलं, खालचे सगळे आकडे बंद केले आणि दुपारपर्यंत ते अख्खं वावर फिरून आले. फॉइल नको, खिळे नको, फक्त 'चांगले' सिग्नल. मी त्याच पट्ट्यात मागून, माझं साधं यंत्र काही न गाळता लावून, कॉइल, म्हणजे खालची तबकडी, धसकटांना घासेल इतकी खाली धरून चालत होते.

एक तुटक आवाज आला. आकडा फॉइलच्याच पट्टीतला, पण कॉइल उलटसुलट फिरवली तरी हलत नव्हता. बाजूला होऊन काटकोनात फिरवली, तरी तिथेच. फॉइलचा चुरगळा असता तर आकडा सहसा इकडेतिकडे पळाला असता. खणलं तर चारच बोटं खाली एक राखाडी तुकडा, नखाएवढा पातळ. एक कड गोल, दुसरी कापल्यासारखी सरळ. माती पाण्याने उतरवली तेव्हा सरळ कडेला लागून क्रॉसची भुजा दिसली. इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीच्या काळातली लाँग क्रॉस पेनी, म्हणजे कडेपर्यंत लांब क्रॉस असलेलं चांदीचं नाणं, निम्मी. १२४७ पासून ही नाणी पाडली जायची. बाजारात सुटे लागायचे म्हणून क्रॉसवरून कापून त्यांचे अर्धे आणि पाव तुकडे करत. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने नवी नाणी आणली आणि त्यानंतर गोल हाफपेनी (अर्धी पेनी), फार्दिंग (पाव पेनी) आल्या. म्हणजे कुणीतरी चर्चला जाताना किंवा बाजारातून येताना हे सुटे वाटेत हरवले होते.

भावजी बघून म्हणाले, "वहिनी, तुमचं नशीब दांडगं."

हेच माझ्या मनाला लागतं. आख्ख्या पेनीचं वजनच दीड ग्रॅमच्या आत, तिचा निम्मा तुकडा डिटेक्टरला फॉइलसारखाच दिसणार. त्यांच्या यंत्रानेही तो ऐकवला असता, माझ्याहून स्वच्छ ऐकवला असता. त्यांनीच त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं. आणि खोलीचा तर प्रश्नच नव्हता, चार बोटं खाली होतं ते. नांगरलेल्या रानात बहुतेक वस्तू वरच्या थरातच खालीवर होत असतात. तरी आजही ते पाहुण्यांना 'वहिनींना नाणं मिळालं' असं सांगतात, 'वहिनींनी शोधलं' असं नाही.

शिवाय भावजी हॉक्सनचं उदाहरण देतात. १९९२ मध्ये सफकमध्ये एरिक लॉज हे गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन काळातलं घबाड हाती लागलं, जवळजवळ पंधरा हजार नाणी. 'हे नशीब नाही तर काय?' सापडणं नशीब असेल. पण घबाड दिसल्यावर ते सगळं उपसत बसले नाहीत, थांबले आणि कळवलं. म्हणून पुरातत्त्वज्ञांना उरलेलं जागच्या जागी मिळालं आणि ते पेटीत कसं भरलं होतं ते कळलं. हातोडाही सापडला आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थांबायची ती अक्कल यंत्राच्या कुठल्या मेन्यूत नसते.

तर घ्यायचं काय. नोक्ता कंपनीचं सिंप्लेक्स किंवा माइनलॅब कंपनीचं व्हॅन्क्विश. शेतात फिरणार असाल तर सिंप्लेक्स. एकच फ्रिक्वेन्सी, बारीक चांदीलाही बरी आणि मोठ्या नाण्यांनाही बरी. पाण्यातही चालतं, बॅटरी आतच चार्ज होते. हे वापरलेलं घेतलंत तरी चालेल. खूप जण हौसेने घेतात आणि पहिल्या हिवाळ्यानंतर विकतात. उरलेल्या पैशांत चांगला पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), दाते असलेली मजबूत छोटी स्पेड आणि हेडफोन घ्या. पिनपॉइंटरशिवाय तुम्ही ढेकळं फोडत बसाल आणि नाण्यावर ओरखडा काढाल. मग पहिले काही महिने सगळं खणा. बाटल्यांची झाकणं, शिसं, कॅनच्या कड्या, सगळं. कान त्यानेच तयार होतो. सोन्याच्या अंगठ्या कड्यांच्याच आकड्यांत बोलतात हे लक्षात ठेवा.

आता भावजींच्या बाजूचंही सांगायला हवं. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या खाऱ्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र उगाच बडबडतं. तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सीच, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्रच पाहिजे. किनाऱ्याजवळ राहत असाल तर व्हॅन्क्विश घ्या, फक्त त्या मॉडेलची कंट्रोल बॉक्स पाण्यात चालते का ते आधी बघा. आणि रोमन वस्तीच्या जागी, जिथे पावलापावलाला खिळे आहेत, तिथे महाग यंत्र लोखंडाच्या शेजारचं नाणं लवकर वेगळं करतं, हेही खरं. पण तशा रानाची परवानगी नवशिक्याला कोण देतो?

कायद्याचं: संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणंच गुन्हा आहे, त्यामुळे आधी नकाशा बघा. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकत्र निघाली तरी ती 'ट्रेझर' (कायद्याच्या भाषेत घबाड) ठरतात आणि १४ दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवावं लागतं. २०२३ पासून व्याख्या आणखी रुंदावली आहे. बाकीचं तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवा. माझा तुकडाही नोंदवला आहे. डिटेक्टरवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं, एनसीएमडीचं, सभासदत्व घ्या, त्यात विमा येतो आणि शेतकरी तो विचारतात. हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

सुटीत गावी नेऊन किल्ल्यांच्या पायथ्याशी फिरवता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. नेऊ नका. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्हचा कायदा अजून आहे: जमिनीत लपलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यावर खणणं तर सरळ गुन्हा. शिवाय गावात असं यंत्र घेऊन कुणी दिसलं की संध्याकाळपर्यंत 'गुप्तधन' हा शब्द सगळीकडे होतो आणि निस्तरावं लागतं घरच्यांना. भावजींनीही आमच्या गावच्या गढीसाठी हा बेत केला होता. सासऱ्यांनी फोनवरच बंद केला, आणि त्या एका गोष्टीत ते माझ्या बाजूने होते.

विंटर बार्ली इथे जुलैत निघते. यंत्र त्याच्या आधी महिनाभर घ्या, घरामागच्या बागेत हात बसवा, आणि शेतकऱ्यांशी बोलणं मात्र आत्तापासून सुरू करा.