ग्रेड परीक्षा: गुण नेमके कुठे गेले आणि न थांबता वाजवण्याचा सराव कसा करावा

आपला प्रश्न आणि त्यासोबत दिलेले गुण, दोन्ही लक्षपूर्वक वाचले. आपण प्रौढ वयात पियानो शिकायला सुरुवात केली आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची पाचव्या ग्रेडची प्रात्यक्षिक परीक्षा दिली. घरी नीट बसलेले पीस (तयार केलेल्या रचना) परीक्षकासमोर विस्कटले, हात थरथरले आणि १५० पैकी ९७ गुण मिळून उत्तीर्ण व्हायला तीन गुण कमी पडले. तीन महिन्यांनी पुन्हा बसायचे आहे, तेव्हा भीतीवर उपाय काय आणि त्यापेक्षा व्हिडिओ पाठवून परफॉर्मन्स ग्रेडच का देऊ नये, असे आपण विचारले आहे. मी पियानो शिकवतो आणि व्हायोलिन, बासरी वाजवणाऱ्या परीक्षार्थींना परीक्षेत साथही करतो, त्यामुळे ती खोली आतून बरीच पाहिलेली आहे. त्या आधारावर लिहितो.

भीतीचा विचार जरा बाजूला ठेवून आधी गुणपत्रिका पाहू, कारण तिचा निष्कर्ष आपल्या निष्कर्षापेक्षा वेगळा आहे. या परीक्षेत तीन पीसना प्रत्येकी ३०, स्केल्स आणि आर्पेजिओंना (सुरांचे चढते-उतरते क्रम) २१, साइट-रीडिंगला (पूर्वी न पाहिलेला उतारा वाचून वाजवणे) २१ आणि ऑरल टेस्टला (ऐकून ओळखण्याची आणि गाण्याची चाचणी) १८ गुण असतात. उत्तीर्णतेची पातळी पीसला २०, स्केल्सला १४, साइट-रीडिंगला १४ आणि ऑरलला १२ अशी धरलेली असून त्यांची बेरीज १०० होते. प्रत्येक विभागात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागत नाही, एकूण १०० झाले की पुरे. आपल्याला पीसमध्ये १९, १८ आणि २०, स्केल्समध्ये १७, साइट-रीडिंगमध्ये ९ आणि ऑरलमध्ये १४ मिळाले आहेत. म्हणजे ज्या तीन पीसनी दगा दिला असे आपण म्हणता, त्या तिघांत मिळून फक्त तीन गुण कमी पडले आणि ते स्केल्सनी एकट्याने भरून काढले. खरे भगदाड साइट-रीडिंगमध्ये आहे. तिथे एकदम पाच गुण गेले आणि आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही.

हे ९ गुण काय सांगतात तेही पाहण्यासारखे आहे. एबीआरएसएमचे गुणदानाचे निकष सर्वांना पाहता येतात. साइट-रीडिंगमध्ये काहीच न वाजवल्यास शून्य मिळते, काहीतरी वाजवल्यास किमान ७, आणि ७ ते १० हा पट्टा सलगता अजिबात न राहिलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या वादनासाठी असतो. उत्तीर्ण होण्यासाठी सलगता साधारणपणे टिकावी, बहुतेक सुरांचा कालावधी बरोबर यावा आणि चुका असल्या तरी सुरावटीची रूपरेषा कळावी, एवढीच अपेक्षा आहे. तिथे अचूकता मागितलेली नाही. तेव्हा ९ गुणांवरून माझा अंदाज असा, की चुकीचा सूर लागला म्हणून आपण थांबलात, तो दुरुस्त केलात, पुन्हा मागच्या बारपासून (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) निघालात आणि असे दोन-तीनदा झाले. पीसमध्येही हेच घडले असावे, कारण घसरल्यावर पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केल्याचे आपणच लिहिले आहे. दोन्हीकडे गुण थांबण्याने गेले. थरथरत्या हाताने जरा ओबडधोबड पण अखंड वाजवलेला पीस सहज २१-२२ पर्यंत जाताना मी पाहिला आहे.

ही थांबण्याची सवय परीक्षेच्या खोलीत लागत नाही, ती घरी लागते. रोजच्या रियाजात चूक झाली की आपण तत्क्षणी थांबतो, तो बार चार वेळा घोटतो आणि पुढे जातो. शिकताना हे योग्यच आहे. मात्र महिनोन्‌महिने एवढेच केले, तर 'चूक, थांबा, मागे जा' हा क्रमही हातांत तितकाच पक्का बसतो आणि परीक्षेत हात तोच क्रम इमानाने वाजवून दाखवतात. म्हणून परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या सहा-सात आठवड्यांत रोजच्या वेळेचे दोन वेगळे भाग करावेत. एका भागात नेहमीचे दुरुस्तीचे काम चालू द्यावे. दुसऱ्या भागात, तो दहा मिनिटांचा का असेना, काहीही झाले तरी थांबायचे नाही. या भागाचा पहिला नियम असा की त्या दिवशी पियानोला हात लागण्याआधी, बोटे गरम न करता, एक पीस पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकदाच वाजवायचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. बिघडला तर बिघडू द्यावा, दुसरा प्रयत्न दुसऱ्या दिवशी. परीक्षक आपला तिसरा प्रयत्न कधीच ऐकत नाही, आणि घरी 'नीट येतो' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा तिसऱ्या प्रयत्नाबद्दल बोलत असतो. आरंभीची रेकॉर्डिंग ऐकून वाईट वाटेल, पण परीक्षेतल्या गुणांचा खरा अंदाज त्यांवरूनच येतो.

न थांबण्याचा निश्चय पुरत नाही, उडी मारण्यासाठी ठरलेल्या जागाही लागतात. मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांनी पियानोवादक गॅब्रिएला इमरे यांच्यासोबत एक दीर्घ अभ्यास केला होता. बाखच्या 'इटालियन काँचेर्टो'चा तिसरा भाग त्या कसा बसवतात, हे त्यांच्या सरावाच्या नोंदींवरून तपासले गेले आणि त्यांच्या सरावाच्या सुरुवाती बऱ्याच अंशी रचनेच्या विभागांच्या सीमांवर येतात असे दिसले. आपणही प्रत्येक पीसचे रचनेप्रमाणे सहा-सात तुकडे पाडावेत, प्रत्येकाच्या पहिल्या बारवर पेन्सिलने अ, ब, क अशी अक्षरे घालावीत आणि कोणत्याही अक्षरापासून तयारीविना सुरू करता येईल इतपत त्या जागा पक्क्या कराव्यात. मग घरातल्या कोणालातरी शेजारी बसवून वाजवायला लागावे. त्या व्यक्तीने मध्येच 'ड' म्हणावे, आपण असू तिथून, लय न मोडता, 'ड'वर उडी घ्यावी. पहिले काही दिवस हे फार विचित्र वाटते. पण परीक्षेत उजवा हात हरवला की नेमकी हीच उडी लागते. दोन बार गाळून पुढच्या विभागावर अचूक उतरणाऱ्याचे नुकसान पहिल्या ओळीकडे परतणाऱ्यापेक्षा खूपच कमी होते.

पीस विस्कटण्याचे आणखी एक कारण पहिल्या दोन बारमध्येच घडते, आणि साथीला बसलेल्याला ते लगेच दिसते. छाती धडधडत असताना मनातली लयही वाढलेली असते, त्यामुळे घरी योग्य वाटणारा वेग परीक्षेत संथ वाटतो आणि परीक्षार्थी नकळत वेगात निघतो. संगीतकार क्लेमेंटीच्या ओपस ३६ या संचातली पहिली सोनातिना, म्हणजे लहानशी रचना, घ्या. तिच्या आरंभीचे मोकळे सूर कोणत्याही वेगात वाजतात, पण काही बारनंतर स्केलची धावती ओळ येते आणि तिथे अंगठा बोटांखालून जायला वेळच उरत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी मनात पहिला बार गाऊ नये, पीसमधला सर्वांत गर्दीचा बार गावा, त्याची लय ठरवावी आणि मग त्या लयीत पहिला सूर लावावा. ही दहा सेकंदे घेतल्याने गुण कमी होत नाहीत. परीक्षकाला बहुधा तेवढीच उसंत लिहिण्यासाठी हवी असते.

आता साइट-रीडिंग. रोज एकच छोटा उतारा, स्वतःच्या ग्रेडपेक्षा दोन ग्रेड खालचा, पूर्वी न पाहिलेला, मेट्रोनोमच्या संथ ठोक्यावर वाजवावा आणि त्याच दिवशी पुन्हा वाजवू नये. दुसऱ्यांदा वाजवले की ते पाठांतर होते. परीक्षेत उतारा पाहण्यासाठी अर्धा मिनिट मिळते आणि त्या वेळात त्यातला कोणताही भाग वाजवून पाहण्याची मुभा असते. तरीही बहुतेक जण हात मांडीवर ठेवून नुसते पाहत राहतात. आधी की-सिग्नेचर (कोणते सूर तीव्र-कोमल ते) आणि टाइम-सिग्नेचर (एका बारमध्ये किती मात्रा ते), मग सर्वांत गर्दीचा बार शोधून त्यावरून वेग ठरवणे, मग तो बार आणि शेवटचा बार प्रत्यक्ष वाजवून पाहणे, एवढ्यात अर्धा मिनिट सत्कारणी लागते. वाजवताना डावा हात सुटला तरी चालेल, ठोका सुटता कामा नये. मागे पाहण्याची खोड मोडण्यासाठी एक युक्ती आहे. शेजारी बसलेल्याने पोस्टकार्डाएवढा कागद घेऊन वाजून गेलेला प्रत्येक बार लगेच झाकत जावे. मागचे दिसेनासे झाले की डोळ्यांना पुढे जाण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. तीन महिन्यांत ९ चे १४ होणे यातून अगदी शक्य आहे, आणि तेवढे झाले तर पीसमध्ये एकही गुण न वाढता आपण १०२ वर पोहोचता.

ऑरलबद्दल विशेष काही सांगायला नको, १४ चांगले आहेत. आवाज चांगला नाही म्हणून सूर पुटपुटू नये, इतकेच. तिथे गळ्याला गुण नसतात, सुराच्या अचूकतेला असतात.

परफॉर्मन्स ग्रेड द्यावी का? ही पद्धत २०२० मध्ये सुरू झाली. तीत स्केल्स, साइट-रीडिंग आणि ऑरल नाहीत. चार पीस सलग, एकाच अखंड रेकॉर्डिंगमध्ये वाजवून पाठवायचे असतात, चार पीसचे १२० आणि संपूर्ण सादरीकरणाचे वेगळे ३० गुण असतात. आपल्या बाबतीत साइट-रीडिंगचे भगदाड तिथे आपोआप बुजते हे खरे, पण जिथे आपण उत्तीर्णतेच्या वर आहात ते स्केल्स आणि ऑरलही जातात, आणि परीक्षेचा सगळा भार सलग वाजवण्यावर येतो, जी आपली आजची दुखरी बाजू आहे. शिवाय हवे तितके टेक घेता येतात या सोयीचा लाभ थोड्यांनाच होतो. अनेक जण चौथ्या पीसच्या शेवटच्या ओळीत चुकून पुन्हा पहिल्यापासून वाजवत राहतात आणि दिवस मावळताना सकाळच्यापेक्षा वाईट रेकॉर्डिंग पाठवतात. ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा मंडळाचा पर्याय विचारात असेल तर तिथे पाचव्या ग्रेडपर्यंत साइट-रीडिंगऐवजी दुसऱ्या चाचण्या निवडता येतात, पण सहाव्यापासून पियानोला ते टाळता येत नाही आणि प्रत्येक पीसच्या २२ गुणांपैकी ७ गुण अचूकता आणि ओघ यांच्या एकत्रित मथळ्याखाली दिले जातात. माझे मत विचाराल तर आपण प्रात्यक्षिक परीक्षाच पुन्हा द्यावी. अपयश तीन गुणांचे आहे आणि त्याचे कारण सापडलेले आहे.

भीतीविषयी थोडे. परीक्षेपूर्वी अ‍ॅड्रेनलिन वाढते, त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बोटे गार पडतात, आणि त्याच कारणाने बारीक कंप येतो. हे थांबवता येत नाही, पण त्याची ओळख करून घेता येते. आठवड्यातून दोनदा जिना भरभर चढून यावे आणि धाप लागलेली असतानाच बसून पीस वाजवावा. धडधडत्या छातीने वाजवण्याचा अनुभव हातांना आधी मिळालेला असला की परीक्षेत तो नवा राहत नाही. संशोधक एलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत, गाणे किंवा भाषण यांआधी 'मी उत्सुक आहे' असे स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. गाण्याच्या प्रयोगात त्यांची तुलना 'मी घाबरलो आहे' म्हणणाऱ्यांशी होती, तर भाषणाच्या प्रयोगात 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांशी. 'शांत हो, शांत हो' हा जप म्हणूनच मी कोणाला सांगत नाही. खोलीबाहेर बसताना हातमोजे घालावेत किंवा कोमट पाण्यात हात धरावेत, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यावा. काही वादक प्रोप्रानोलोल हे धडधड आणि कंप कमी करणारे औषध घेतात, तेही आपण विचारले आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच घेऊ नये, विशेषतः दमा असेल तर ते धोक्याचे आहे. आणि त्याने कंप कमी झाला तरी मागे परतण्याची सवय जात नाही.

आपण घरी डिजिटल पियानोवर वाजवता, म्हणून परीक्षेपूर्वी निदान काही वेळा खऱ्या पियानोवर वाजवण्याची सोय करावी. त्याच्या पट्ट्यांचे वजन वेगळे लागते, हळू वाजवलेले सूर कधीकधी उमटतच नाहीत, आणि पेडल घरच्याइतकेच दाबले तर सूर एकमेकांत मिसळून जातात. शेवटच्या आठवड्यात वेग वाढवू नये, कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा ते बदलू नये, रोज एकदा सगळे अर्ध्या वेगात वाजवावे.

परीक्षेच्या दिवशी स्टूलची उंची निवांतपणे लावून घ्यावी आणि परवानगी घेऊन दोन-चार सूर वाजवून पाहावेत. विभागांचा क्रम परीक्षार्थीला निवडता येतो. बहुतेक जण सवयीने पीसपासून सुरुवात करतात, पण आपल्या स्केल्स भक्कम आहेत, तेव्हा त्या आधी वाजवायच्या आहेत असे आत गेल्यावर लगेच सांगावे. त्यांत बोटे गरम होतात आणि पियानोच्या वजनाचा अंदाजही येतो. दोन पीसच्या मध्ये परीक्षक मान वर न करता बराच वेळ लिहीत राहतो. त्या शांततेचा अर्थ लावत बसू नये. तेवढ्या वेळात पुढच्या पीसमधला सर्वांत गर्दीचा बार मनात गावा आणि त्याची लय ठरवून घ्यावी.